यकृतातली गाठ : आधी नीट स्कॅन, मग सुई

सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली की घरात पहिला प्रश्न उठतो तो बायोप्सीचा, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा. या विषयावर आलेल्या पत्रांतही तोच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून त्यांतली काही एकत्र घेतो. उत्तरं यकृतातच सुरू होणाऱ्या कॅन्सरबद्दल आहेत, दुसरीकडून पसरून आलेल्या नव्हे.

प्रश्न : पेट स्कॅन सगळ्यात भारी म्हणतात. थेट तोच केला तर?

नको. या तपासणीत शरीरात सोडलेली खास साखर कुठे शोषली जाते ते बघतात. सुरुवातीच्या अनेक गाठी ती फारशी शोषत नाहीत आणि स्कॅन चक्क स्वच्छ दिसतो.

प्रश्न : वडिलांना सिरॉसिस (यकृतात व्रण साचून ते कडक होणं) आहे. सोनोग्राफीत सव्वादोन सेंटिमीटरची गाठ दिसली, मग डाय देऊन सीटी केला. रिपोर्टमध्ये ‘स्वरूप निश्चित सांगता येत नाही, बायोप्सी करावी’ असं आहे. करावी का?

लगेच नको. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये वरच्या बाजूला तपासणीची पद्धत लिहिली आहे, ती ओळ वाचा. डाय दिल्यावर एकदाच चित्रं घेतली आहेत. स्वरूप कळलं नाही यात नवल नाही, कळण्यासारखा सीटी झालेलाच नाही.

यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून, बाकीचं धमनीतून. कॅन्सरची गाठ मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसते. म्हणून हाताच्या शिरेतून डाय सोडल्यावर साधारण ३५ सेकंदांनी गाठ भोवतालच्या यकृतापेक्षा उजळ दिसते. सत्तरेक सेकंदांनी पोर्टल शिरेतला डाय पोचतो, उरलेलं यकृत उजळतं आणि गाठ फिकी पडू लागते. तीन ते पाच मिनिटांनी त्याच जागी काळपट डाग उरतो. याला आम्ही ‘वॉशआउट’ म्हणतो. सिरॉसिस असलेल्या रुग्णात एक सेंटिमीटर किंवा मोठ्या गाठीत आधी उजळणं आणि मग असं विझणं ठळक दिसलं, तर सुई न लावताही कॅन्सरचं निदान मान्य होतं. रिपोर्टमध्ये ते ‘एलआर-५’ असं लिहिलेलं असतं. एकाच वेळी काढलेल्या चित्रांत हा बदल दिसणार कुठून?

हे मी तळमळीने लिहितोय, कारण नुकतेच एक गृहस्थ तीन महिन्यांतले तीन सीटी घेऊन आले होते. केंद्रं तीन, डाय तीनदा, आणि तिन्ही वेळा एकाच फेजची, म्हणजे डायनंतरच्या एकाच टप्प्याची चित्रं. पहिल्या सीटीत गाठ १.८ सेंटिमीटर होती, तिसऱ्यात २.३. दोन सेंटिमीटरच्या आतली एकटी गाठ हा उपचारासाठी सर्वांत चांगला टप्पा. तो त्या फेऱ्यांत निसटला. तपासणी लवकर आटपते, स्वस्तात होते म्हणून अपुरा सीटी करून देणाऱ्यांचा मला राग येतो. चिठ्ठीवर ‘ट्रायफेजिक सीटी’ किंवा ‘डायनॅमिक एमआरआय’ असं स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे वर सांगितलेल्या वेगवेगळ्या टप्प्यांवर चित्रं घेतली जातील. डाय देण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी करा. ती चित्रं यकृतविकारतज्ज्ञांना दाखवा, बायोप्सीचं मग ठरेल. हे सगळं याच आठवड्यात.

प्रश्न : मलाही सिरॉसिस आहे. गाठ आठ मिलिमीटरची आहे. डॉक्टर ‘तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी’ म्हणतात. हयगय तर नाही ना?

नाही, पद्धत तीच आहे. मात्र तीन महिने म्हणजे तीनच.

प्रश्न : बहिणीला सिरॉसिस नाही, हिपॅटायटिस बी नाही, तरी यकृतात संशयास्पद गाठ आहे. सुई लावली की कॅन्सर पसरतो असं नातेवाईक सांगतात, म्हणून तिने बायोप्सी नाकारली.

नातेवाइकांनी अर्धवट ऐकलं आहे. सुईच्या वाटेवर पेशी रुजण्याचा धोका खरा आहे, पण तो शंभरात दोन-तीन जणांत किंवा त्याहूनही कमी, आणि तो त्या वाटेपुरता असतो. बहिणीच्या बाबतीत सिरॉसिस नसल्याने वर सांगितलेला स्कॅनचा नियम लागू होत नाही. तिथे पेशीच पाहाव्या लागतात. गाठ थेट काढायचीच असं सर्जननी ठरवलं तर गोष्ट वेगळी, म्हणून सुईच्या आधी त्यांचं मत घ्या. प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) तपासा, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कोणी विचारलं नाही तरी सांगा. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

प्रश्न : हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये एएफपी (यकृताच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्ततपासणी) नॉर्मल आली आणि ‘लिव्हर कॅन्सर नाही’ असा शेरा मिळाला. सिरॉसिस आहे. आता सोनोग्राफी कशाला?

तो शेरा फाडून टाका. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये एएफपी कितीदा तरी नॉर्मलच असते, आणि कॅन्सर नसताना हिपॅटायटिस उसळला किंवा गर्भारपण असलं तरी वाढते. एका रक्ततपासणीवर ‘कॅन्सर नाही’ असं प्रमाणपत्र विकणं चूक आहे. सिरॉसिसमध्ये दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि जोडीला एएफपी. पोट दुखत नाही म्हणून टाळू नका, लहान गाठ दुखत नाही.

प्रश्न : बायोप्सीत कॅन्सर आला नाही. सुटलो ना?

अजून नाही. दीड सेंटिमीटरच्या गाठीत सुई कडेने जाऊ शकते, आणि बरोबर लागली तरी सुरुवातीच्या कॅन्सरच्या पेशी सिरॉसिसमधल्या साध्या गाठीसारख्याच दिसू शकतात. स्कॅन संशय दाखवतोय आणि बायोप्सी नाही म्हणतेय, तेव्हा स्कॅन पुन्हा बघायचा, गरज पडल्यास सुई पुन्हा लावायची. त्यासाठी प्रयोगशाळेतून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या, स्कॅनची सीडी घ्या, नुसता रिपोर्ट नको, आणि पॅथॉलॉजिस्ट, रेडिऑलॉजिस्ट आणि यकृतविकारतज्ज्ञ तिघे एकत्र बसतात अशा ठिकाणी दाखवा.