ध्येय ठरवतो, पण चार दिवसांत सुटतं. काय करावं?

दरवर्षी ध्येयं वहीत लिहिता आणि पुढे काहीच होत नाही, असं तुम्ही म्हणता. माझ्या मते इच्छा कमी पडत नाही, वेळ आणि जागा ठरलेली नसते. 'तब्येत सुधारायची' म्हटलं तर आज सकाळी नेमकं काय करायचं? त्यापेक्षा 'चहा झाला की बूट घालून सयाजीबागेत एक फेरी' असं ठरवा. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाचं संशोधन यावरच आहे: 'अमुक झालं की मी तमुक करीन' अशी जोडी आधीच लावली, की ऐनवेळी मनाशी वाद घालत बसावं लागत नाही. पाऊस आला तर काय, हेही आत्ताच ठरवा.

सुरुवात मात्र लहान हवी. आपल्या बडोद्याचंच बघा ना! सयाजीराव महाराजांनी सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये आधी फक्त अमरेली भागात सुरू केलं. अनुभव घेतला आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केलं. हाती सत्ता असूनही त्यांनी घाई केली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

आणि पाच ध्येयं नकोत, एकच घ्या. कुठलं? ज्याचं पहिलं काम आज संध्याकाळी करता येईल ते.