स्थळ अमेरिकेतलं, कोर्टाचं रेकॉर्ड कुठे बघायचं?

प्रश्न : ताई, आम्ही नाशिकला इंदिरानगरला राहतो. मुलीला टेक्सासमधल्या फ्रिस्कोचं स्थळ आलंय, मुलगा आयटीत आहे, त्याआधी दोन वर्षं न्यू जर्सीत एडिसनला होता. पत्रिका जुळली, माणसंही बरी वाटली, पण त्यांच्याच ओळखीतलं कोणीतरी बोलता बोलता म्हणालं की पोरावर तिकडे पोलिस केस झाली होती. भाच्याने एका साइटवर नाव टाकलं तर 'रेकॉर्ड सापडलं, बघायला पैसे भरा' असं आलं. तिकडची कोर्टं म्हणे सगळं उघड ठेवतात, मग फेलनीची, म्हणजे मोठ्या गुन्ह्याची, केस आहे का ते घरबसल्या कसं बघायचं? रात्र रात्र झोप नाहीये.
— एक आई

उत्तर : आधी एक करा, त्या साइटला पैसे भरू नका. नाव जुळलं की 'सापडलं' म्हणून मोकळे होतात हे लोक, ते रेकॉर्ड भलत्याच माणसाचं पण असू शकतं.

आता मुद्द्याचं. अमेरिकेत सगळ्या देशाचं मिळून एकच उघडं रजिस्टर असं नाहीये. एफबीआयकडे असतं पण ते तुम्हाआम्हाला बघता येत नाही, आणि पेसर नावाची सरकारी साइट आहे तिच्यावर फक्त फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टाच्या केसेस असतात. मारहाण, चोरी, दारू पिऊन गाडी चालवणं ह्या केसेस बहुतेक राज्याच्या कोर्टात चालतात आणि त्यांचं रेकॉर्ड काउंटीत. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, देशभरात ३००० च्या वर आहेत. आपल्या ई-कोर्ट्सवर कसं, आधी राज्य मग जिल्हा निवडावा लागतो, नाशिकची केस जळगाव निवडून दिसणार नाही, तसंच.

म्हणून पहिलं काम, मुलगा कुठे कुठे राहिला त्याची यादी आणि प्रत्येक गावाची काउंटी. एडिसन मिडलसेक्स काउंटीत येतं. फ्रिस्कोचं मात्र लक्षात ठेवा, ते शहर कॉलिन आणि डेंटन अशा दोन काउंट्यांत पसरलंय, पत्त्यावरून ते कळत नाही, तेव्हा दोन्हीकडे बघा. आणि केस तो राहतो तिथे नाही तर प्रकार जिथे घडला तिथे होते, म्हणजे रात्री मित्रांबरोबर डॅलसला गेलेला असताना काही झालं असेल तर ते डॅलस काउंटीत.

टेक्सासमध्ये फेलनी, म्हणजे ढोबळमानाने वर्षापेक्षा जास्त शिक्षा होऊ शकते असा गुन्हा, डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतो आणि कागद डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे असतात. काउंटीच्या साइटवर नावाने केस शोधायची सोय आहे. पण ताई, तुम्ही फक्त फेलनी विचारलीत ना, तिथेच मला काळजी वाटते. घरातल्या बाईवर हात उचलल्याची पहिली केस टेक्सासमध्ये बऱ्याचदा फेलनी नसतेच, ती क्लास ए मिसडिमिनर, म्हणजे फेलनीपेक्षा खालच्या दर्जाचा गुन्हा, असते, एक वर्षापर्यंत जेल आणि ४००० डॉलरपर्यंत दंड. पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवली तर तेही सहसा मिसडिमिनरच. ह्या केसेस काउंटी कोर्टात चालतात आणि रेकॉर्ड काउंटी क्लर्ककडे, म्हणजे खिडकीच वेगळी. फेलनी नाही म्हणून तुम्ही निर्धास्त व्हाल आणि नेमकी तीच गोष्ट बघायची राहून जाईल. मला विचाराल तर पैशांच्या एखाद्या जुन्या फेलनीपेक्षा मुलीच्या आईने हे आधी बघावं. न्यू जर्सीत तर फेलनी हा शब्दच वापरत नाहीत, तिथे मोठ्या गुन्ह्याला इंडायटेबल क्राइम म्हणतात आणि तो सुपीरियर कोर्टात चालतो, किरकोळ ते म्युनिसिपल कोर्टात.

नावाच्या बाबतीत फार जपा. माझ्या मावसबहिणीच्या मुलीच्या वेळी असंच झालं होतं, नाव तेच, आडनाव तेच, शहर पण तेच, घरात रडारड, स्थळाला नाही म्हणायचं जवळजवळ ठरलं आणि मग कोणीतरी जन्मसाल बघितलं तर तो माणूस एकोणीस वर्षांनी मोठा निघाला. आपली पाटील, कुलकर्णी, जोशी मंडळी तिकडे ढिगाने आहेत. वडिलांचं नाव लावून आणि न लावता, स्पेलिंग बदलून शोधा, जन्मतारीख जुळल्याशिवाय काही धरू नका, आणि तिकडे महिना आधी लिहितात, ०४/०७ म्हणजे ७ एप्रिल, आपण पटकन ४ जुलै वाचतो.

केस सापडली तर आरोप काय लावला होता तेवढं वाचून थांबू नका, निकालाचा रकाना बघा, तिथे डिस्पोझिशन असं लिहिलेलं असतं. अटक झाली म्हणजे गुन्हा केला असं नाही. फेलनी लावून नंतर मिसडिमिनरवर तडजोड होते, किंवा केस सरळ डिसमिस होते. टेक्सासमध्ये डिफर्ड ॲडज्युडिकेशन असं दिसलं तर त्याचा अर्थ जज्जने दोषी न ठरवता काही काळ देखरेखीखाली ठेवलं, तो काळ नीट गेला की केस डिसमिस. त्याला शिक्षा झाली असं म्हणता येत नाही पण काहीच घडलं नव्हतं असंही नाही, तेव्हा विचारायला हवं. टेक्सासच्या डीपीएस म्हणजे सार्वजनिक सुरक्षा खात्याची साइट पण आहे, थोडे पैसे भरून राज्यभरातल्या शिक्षा आणि डिफर्डच्या नोंदी बघता येतात. काही केसेस मात्र कोर्टाच्या ऑर्डरने पुसल्या किंवा झाकल्या जातात, त्या अशा सरकारी साइट्सवर तुम्हाला दिसणार नाहीत.

म्हणून शेवटी मुलाला विचारावंच लागेल हो. तुमच्या यजमानांनी किंवा मुलीच्या मामांनी साधेपणाने विचारावं, असं असं कानावर आलंय, काय झालं होतं? केस नंबर द्या म्हणावं. एफबीआयकडून स्वतःचं रेकॉर्ड तो स्वतः मागवू शकतो, बोटांचे ठसे आणि १८ डॉलर फी लागते. मागताना आमच्या मुलीची पण हवी ती माहिती विचारा असं आधी म्हणा, म्हणजे समोरच्याला अपमान वाटत नाही.

आणि टेक्सासमध्ये घटस्फोटाच्या केसेस पण त्याच डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे असतात, शोधायला बसलातच तर तेही नाव टाकून बघून घ्या.