सुपरनोव्हा बघून विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होतंय हे कसं कळलं?
टाइप वन-ए सुपरनोव्हा म्हणजे श्वेतबटू ताऱ्याचा (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला छोटा, दाट गाभा) स्फोट, आणि हे स्फोट जवळपास सारखेच तेजस्वी असतात (जो हळू मावळतो तो जरा जास्त, तेवढी दुरुस्ती करतात), म्हणून किती मंद दिसतो त्यावरून अंतर निघतं आणि स्पेक्ट्रम (प्रकाशाचे वेगळे केलेले रंग) लालकडे किती सरकलाय त्यावरून विश्व किती ताणलं गेलं ते. पण एका गॅलेक्सीत असा स्फोट शेकडो वर्षांतून एखादा, मग सापडणार कसा? चिलीतल्या सेरो टोलोलोच्या दुर्बिणीने हजारो गॅलेक्सींचे फोटो घ्यायचे, तीनेक आठवड्यांनी परत तेच, नव्यातून जुना वजा, नवा ठिपका उरला की तो तपासायचा. मला हीच आयडिया सगळ्यात भारी वाटते! १९९८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ पर्लमटर यांची एक आणि श्मिट व रीस यांची दुसरी, अशा दोन्ही टीमना लांबचे स्फोट, प्रसरण हळू होत चाललंय असं धरून केलेल्या अपेक्षेपेक्षा मंद दिसले, म्हणजे ते जास्त लांब गेलेत, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढतोय. तिघांना २०११ चं नोबेल याचसाठी मिळालं.