हवालदाराच्या हाती ठाणं

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. मुंबई पोलीस दल कधी उभं राहिलं, आयुक्तांच्या खाली त्याची रचना कशी असते, आणि हवालदाराला स्वतःचे काही अधिकार असतात की तो फक्त वरिष्ठांचे हुकूम पाळतो. पहिल्या दोन गोष्टी भराभर सांगते. मी लिहायला बसले ती तिसऱ्यासाठी. माझे वडील याच दलातून हवालदार म्हणून निवृत्त झाले.

14 डिसेंबर 1864 ला फ्रँक सूटर मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त झाले, म्हणून बरेच जण दलाचा जन्म तिथून धरतात. मला हे अजिबात पटत नाही. त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी, 1669 मध्ये, गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने भंडारी समाजातल्या लोकांचं पथक उभं केलं होतं. सुमारे 500 माणसं, त्यांच्यावर सुभेदार, आणि ठाणी माहीम, शिवडी अन् शीवला. खलाशांना लुटणाऱ्या टोळ्या आवरायचं काम या माणसांकडे होतं. साहेबाची खुर्ची आली त्या तारखेला दलाचा जन्म मानायचं आणि रस्त्यावर उभ्या माणसांना प्रस्तावनेत ढकलायचं, हा मला अन्याय वाटतो. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या आजच्या इमारतीत आयुक्तालय 1896 मध्ये आलं. 15 ऑगस्ट 1947 ला जे. एस. भरुचा पहिले भारतीय आयुक्त झाले.

आता रचना. आयुक्तांच्या खाली सह आयुक्त: कायदा व सुव्यवस्था, गुन्हे, वाहतूक, प्रशासन, आर्थिक गुन्हे असे. शहराचे दक्षिण, मध्य, पूर्व, पश्चिम आणि उत्तर असे पाच प्रादेशिक विभाग, प्रत्येकावर अपर आयुक्त. त्यांच्याखाली उपायुक्तांची परिमंडळं, मग सहायक आयुक्तांचे विभाग, आणि शेवटी पोलीस ठाणं. ठाण्याचा प्रमुख वरिष्ठ पोलीस निरीक्षक. जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश काढायचा तर पोलीस अधीक्षकाला जिल्हादंडाधिकाऱ्याकडे जावं लागतं. मुंबईत तो अधिकार आयुक्तालयाकडेच आहे, आणि तडीपारीचे आदेशही पोलीस उपायुक्तच काढतात. बहुतेक माहिती इथेच थांबते, जणू वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनबाहेर कुणी बसतच नाही.

माझ्या बहिणीचा साखरपुडा 2007 मध्ये झाला. तिच्या होणाऱ्या सासरकडचे एक काका भर बैठकीत म्हणाले, "हवालदार म्हणजे काय हो, साहेबाने सांगायचं आणि यांनी करायचं. फौजदार तरी व्हायला हवं होतं." बाबा तेव्हा पाण्याचे ग्लास गोळा करत होते. त्यांनी ऐकलं, ट्रे उचलला आणि आत गेले. मुलीकडचे म्हणून आम्हीही गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून टोचतं. कारण दोनच वर्षांपूर्वीचा 26 जुलै आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होता.

2005 च्या त्या मंगळवारी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. बाबा मिठी नदीपासून फार लांब नसलेल्या एका ठाण्यात दिवसपाळीला होते. वरिष्ठ साहेब आणि बाकीचे अधिकारी दुपारीच रस्त्यावर उतरले होते. शेवटी एक पीएसआय उरले होते, तेही बसमध्ये अडकलेल्या शाळेच्या मुलांना काढायला गेले. पाणी चढल्यावर कुणालाच ठाण्यापर्यंत परत येता येईना. वायरलेसवर कंट्रोलचा आवाज तुटक येत होता, मग तोही बंद झाला. ठाण्यात राहिले बाबा आणि दोन तरुण शिपाई.

पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा त्यांनी आधी हत्यारं वर नेली, मग मुद्देमालाची कपाटं रिकामी करायला घेतली. लॉकअपमध्ये तीन आरोपी होते. पाणी मांडीला लागल्यावर त्यांनी ओरडायला सुरुवात केली. अटकेतला आरोपी पळाला तर त्या वेळी ड्युटीवर असलेल्याची नोकरी जाऊ शकते, हे पोलिसाच्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. विचारायला वर कुणी नव्हतं. बाबांनी कुलूप काढलं, तिघांना वरच्या मजल्यावर नेलं आणि एका शिपायाला जिन्यात बसवलं. त्या तिघांतल्या एकाने नंतर रजिस्टरं डोक्यावरून वर न्यायला मदत केली. रात्री आसऱ्याला आलेली माणसंही त्याच मजल्यावर बसली. त्यात एक बाळंतीण होती, तिच्यासाठी बाबांनी टेबलं जोडून जागा केली.

आणि हे सगळं करताना ते स्टेशन डायरी, म्हणजे ठाण्यातली रोजची नोंदवही, लिहीत होते. वीज गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडात. किती वाजता पाणी कुठवर आलं, हत्यारं किती वाजता हलवली, लॉकअप किती वाजता आणि का उघडलं, खाली स्वतःची सही. दुसऱ्या दिवशी साहेब चालत ठाण्यात पोचले, तेव्हा तिन्ही आरोपी जागेवर होते. त्यांनी डायरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि सही केली. बाबा 28 तारखेला घरी आले, पाय पांढरे पडलेले, आणि आईने ताट वाढेपर्यंत बसल्या जागी झोपले.

पुढे मी वकिलीला गेले. फौजदारी प्रक्रिया संहितेतली पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची व्याख्या वाचली त्या दिवशी मी लायब्ररीतून बाहेर येऊन बाबांना फोन केला होता. प्रभारी अधिकारी ठाण्यात नसेल किंवा आजारपणामुळे काम करू शकत नसेल, तर तिथे हजर असलेला, त्याच्या खालोखालचा आणि शिपायाहून वरच्या दर्जाचा अधिकारी प्रभारी असतो. हवालदार शिपायाहून वरच्या दर्जाचाच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हे तसंच आहे. त्या रात्री ते ठाणं कायद्याने बाबांच्या ताब्यात होतं. दखलपात्र गुन्ह्यात वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार तर साध्या शिपायालाही आहे. शब्दाचा अर्थही बघा, हवाला, म्हणजे ताबा, ज्याच्याकडे तो हवालदार. शिवाजी महाराजांच्या गडावर हवालदार हा मुख्य अधिकारी होता आणि दरवाजांच्या किल्ल्या त्याच्याकडे असत.

हुकूम पाळणारी माणसं डोकंही चालवतात. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग मे 2016 मध्ये देवनार ठाण्यात सुरू झाला, तो आयुक्त दत्ता पडसलगीकरांच्या काळात. पण त्याची योजना त्यांच्यापुढे मांडली होती एका शिपायाने. गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना कसाबला धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे सहायक फौजदार होते, हवालदाराच्या एक पायरी वर.

सगळे हवालदार माझ्या बाबांसारखे असतात असं मी म्हणत नाही. हप्ता घेणारे आहेत, गरिबाला दारातून हाकलणारे आहेत, आणि हातात अधिकार आहे म्हणूनच त्यांचा गुन्हा मोठा आहे. रोजच्या कामात वरिष्ठांचा शब्द चालतो हेही खरं. हवालदाराच्या खालचं पोलीस नाईक हे पद 2022 मध्ये रद्द झालं, तेव्हा जुने तक्ते वाचत असाल तर तेवढं ध्यानात ठेवा.

ठाण्यात जाल तेव्हा "साहेब कुठे आहेत" म्हणत ठाणे अंमलदाराचं टेबल ओलांडून जाऊ नका. तो हवालदार असला तरी तक्रार त्यालाच सांगा. लिहून घेत नसेल तर छातीवरचं नाव आणि बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक, टिपून घ्या, मग खुशाल वर जा. बाबांचा बक्कल नंबर आम्हा दोघी बहिणींना अजून पाठ आहे.