व्हेप, कोलॅप्स झालेलं फुफ्फुस आणि ‘इव्हाली’: दोन्ही एकच का?

ताई, तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी एकत्र झालीत. २२ वर्षांचा उंच, किडकिडीत, व्हेप (ई-सिगारेट) ओढणारा भाऊ. बसल्याजागी छातीत कळ आली, एक्स-रेत उजवं फुफ्फुस कोलॅप्स दिसलं, छातीत नळी टाकली. इकडे तुम्ही अमेरिकेतल्या व्हेपिंगच्या मृत्यूंबद्दल वाचून हादरलात आणि भावाचंही तेच आहे का, असं विचारलंत.

अमेरिकेत २०१९ मध्ये पसरलं ते ‘इव्हाली’, म्हणजे व्हेपिंगमुळे फुफ्फुसांना होणारी इजा. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेकडे २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. बहुतेकांनी टीएचसीची, म्हणजे गांजातल्या नशेच्या घटकाची, कार्ट्रिज (व्हेपमध्ये बसवायची तेलाची नळकांडी) ओढली होती. अशा मालात तेल दाट दिसावं म्हणून व्हिटॅमिन ई ॲसिटेट घालायचे. ५१ रुग्णांच्या फुफ्फुसांतला द्रव तपासला, तेव्हा ४८ जणांमध्ये ते सापडलं. त्वचेला लावायला ते चालतं, फुफ्फुसाला नाही. यात सूज फुफ्फुसाच्या आत, बहुधा दोन्ही बाजूंना येते. खोकला, धाप, ताप काही दिवसांत वाढत जातात. उलट्या-जुलाबही होतात, त्यामुळे सुरुवातीला पोटाचंच दुखणं वाटू शकतं.

भावाला झालाय तो न्यूमोथोरॅक्स. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाशी असलेला पातळ फोड फुटतो, हवा बाहेर निसटून फुफ्फुस आणि छातीच्या भिंतीमध्ये साठते आणि फुफ्फुस दबतं. म्हणून दुखणं अचानक आणि एकाच बाजूला. इव्हालीतही कधीकधी असं होतं, त्यामुळे डॉक्टरांनी सीटी सांगितला तर तो करून घ्या.

व्हेपमुळेच झालं का? एका माणसापुरतं हे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. उंच, सडपातळ तरुणांना काहीही न ओढता हे होतं. सिगारेटने धोका वाढतो हे पक्कं आहे. व्हेप ओढणाऱ्यांमध्ये असे रुग्ण नोंदले गेलेत. खोल झुरका घेऊन श्वास कोंडून धरण्याची सवय त्यात भर घालत असावी. उंची काही बदलता येत नाही, झुरका थांबवता येतो. आणि ‘निकोटिन नसलेलं चालेल’ हा भावाचा युक्तिवाद इथे लागूच होत नाही. निकोटिन काढलं तरी तापवलेलं ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि फ्लेवर छातीत जायचे ते जातातच. तलफ आवरत नसेल तर निकोटिनच्या पॅच किंवा गमबद्दल डॉक्टरांशी बोला.

डॉक्टर विचारतात, ‘सिगारेट ओढतोस का?’ पोरगं म्हणतं, ‘नाही.’ खोटं बोलत नाही, पण उपयोगही नाही! व्हेप, त्यात काय भरलं होतं, गांजा होता का, शेवटचं कधी ओढलं, हे त्याने सांगायलाच हवं. तुमच्यासमोर बोलणार नसेल तर तुम्ही पाच मिनिटं बाहेर थांबा.

आता छातीतल्या नळीला जोडलेली ती पाण्याची बाटली. नळीतलं पाणी श्वासाबरोबर वरखाली होतं, ते व्हायलाच हवं. खोकल्यावर बुडबुडे आले तर साठलेली हवा बाहेर पडतेय. नातेवाईक उगाच घाबरतात. बाटली नेहमी छातीच्या खाली ठेवा, नळीला पीळ पडू देऊ नका आणि स्वतःहून चिमटा लावू नका. पाणी हलायचं थांबलं तर नर्सला दाखवा. फुफ्फुस पूर्ण फुलल्यावरही हलत नाही आणि नळी तुंबल्यावरही, ते आपल्याला ओळखता येत नाही. धाप एकदम वाढली, ओठ निळे पडले, तर मात्र क्षणभरही थांबू नका.

हे परत होऊ शकतं, विशेषतः पहिल्या एक-दोन वर्षांत. पुन्हा झालं तर दुर्बिणीतून फोड काढून फुफ्फुस भिंतीला चिकटवण्याची शस्त्रक्रिया सुचवतात.

पुढच्या महिन्यातल्या विमानप्रवासाचं विचारलंत. एक्स-रेत फुफ्फुस पूर्ण फुललेलं दिसल्यावर साधारण सात दिवसांनी परवानगी देतात, पण तिकीट पक्कं करण्याआधी तो एक्स-रे हातात असू द्या. स्कूबा डायव्हिंगचा बेत असेल तर तो रद्दच करा.