लहान टॉर्चच्या मागच्या झाकणाला लोहचुंबक बसवता येईल का?

तुम्ही विचारलंय की एका पेन्सिल सेलची ॲल्युमिनियमची टॉर्च आहे, मागचं झाकण फिरवलं की लागते. तिच्या बुडाला लोहचुंबक लावला तर ती लोखंडाला धरेल का, आणि सेलचा करंट तर अडणार नाही ना.

धरेल. करंटही अडणार नाही. मी यावल तालुक्यात केळी करतो, रात्रीच्या लाईटीवर मोटर चालू करायला जावं लागतं, आणि माझ्या टॉर्चला तीन वर्षांपासून चुंबक आहे. (आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. दुकानातल्या नव्या पोराला मी नेमकं काय मागतोय ते कधीच कळत नाही.) त्याआधी स्टार्टरच्या पेटीपुढे टॉर्च दातात धरायचो. पावसाळ्यात उजेडावरची सगळी पाखरं तोंडावर यायची.

पहिल्यांदा केलं तेव्हा घाई केली. फेविक्विकचे दोन थेंब, वर चुंबक, झालं काम. चौथ्या रात्री पेटीवरून टॉर्च ओढली तर चुंबक पेटीलाच राहिला आणि टॉर्च हातातून सुटून हौदात. झटपट चिकटणारा तो डिंक सरळ ओढ सहन करतो, पण कडेने उचकटलं की कडकन सुटतो. आणि आपण टॉर्च काढताना नेहमी वाकडी करूनच काढतो. म्हणून दोन नळ्यांचं अराल्डाइट घ्या. झाकणाचं बूड पॉलिश पेपरने चांगलं घासा. चुंबकाची बाजू मात्र हलक्या हाताने, नुसती चमक जाईपर्यंत. त्यावरचा निकेलचा मुलामा फुटला की आतला माल गंजतो आणि भुगा होऊन गळायला लागतो. चिकटवताना सेल आतच ठेवा; सेलचं कवच लोखंडी असतं, ते चुंबकाला थोडं खेचून धरतं आणि तो सरकत नाही. मग एक दिवस हात लावायचा नाही.

चुंबक निओडिमियमचा घ्या, गोल चकती, १५ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड. वजन जेमतेम ४ ग्रॅम. फुटक्या स्पीकरमधला काळा चुंबक बहुतेक वेळा फेराइटचा असतो, तो एवढ्या आकारात दम धरत नाही.

आता खरी अडचण. विकणारे चुंबकाची जी ताकद सांगतात ती सरळ ओढण्याची, तीही जाड, स्वच्छ लोखंडावर. तुमची टॉर्च उभ्या पत्र्यावर आडवी लटकणार, म्हणजे तिथे वेगळाच हिशोब. समजा टॉर्च सेलसकट ६० ग्रॅम आणि ९ सेंमी लांब आहे. तिचं वजन बुडापासून साधारण साडेचार सेंमीवर पडतं आणि चुंबकाच्या खालच्या कडेवर तरफेसारखं काम करतं. त्या कडेपासून चुंबकाचा मध्य पाऊण सेंमीवर. म्हणजे ६० ग्रॅमला पेलायला ३६० ग्रॅमची पकड हवी. त्यात पेटीचा पत्रा पातळ, वर रंगाचा थर, थरावर धूळ. पकड अर्ध्यावर यायला वेळ लागत नाही. शिवाय निकेल गुळगुळीत असल्यामुळे टॉर्च पडत नाही, पण हळूहळू खाली घसरते. तुम्ही फ्यूजकडे बघताय आणि उजेड तुमच्या पायावर गेलेला असतो.

याला उपाय सोपा आहे: सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल चकती कापून चुंबकाच्या तोंडावर चिकटवा. मध्ये रबर आलं की ओढ कमी होते, पण घसरणं थांबतं. मी दोन्ही करून बघितलं, रबराशिवाय परत लावणार नाही.

चुंबक झाकणाच्या आत, स्प्रिंगखाली बसवावा का? ॲल्युमिनियम चुंबकाला अडवत नाही, त्यामुळे जमतं, आणि निकेलमधून करंटही जातो. पण पकड अंतराने झपाट्याने कमी होते, मग झाकणाच्या जाडीपलीकडे फारसं काही उरत नाही. दुसरं म्हणजे ३ मिमी जागा खाल्ली की झाकण पूर्ण बसत नाही, रबरी कडं उघडं पडतं आणि पहिल्याच पावसात पाणी आत. कोणी स्प्रिंगला चुंबक सोल्डर करायला सांगितलं तर ऐकू नका. साध्या निओडिमियम चुंबकाची मर्यादा ८० अंश, आणि सोल्डर वितळतं १८० च्या पुढे. गरम झालेला चुंबक थंड झाल्यावरही पहिल्यासारखा धरत नाही. आपल्या उन्हाळ्याची त्याला भीती नाही, पण टॉर्च ट्रॅक्टरच्या तापलेल्या इंजिनावर चिकटवून विसरू नका.

बाहेरून लावताना एकच पथ्य: डिंक आट्यांवर जाऊ देऊ नका. तुमच्या टॉर्चमध्ये सेलची खालची बाजू, स्प्रिंग, झाकण, आट्या आणि मग नळी असा करंटचा रस्ता आहे. आट्यांवर अराल्डाइट लागलं तर टॉर्च मिणमिणेल किंवा बंद पडेल, आणि दोष चुंबकावर जाईल. मागे बटण असलेली टॉर्च असती तर चकती चालली नसती, बटणाभोवती कड्यासारखा चुंबक लागला असता.

आता पेटीबद्दल, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. टॉर्च लावायची ती पेटीच्या बाहेरून. उघड्या स्टार्टरच्या आत कधीच नाही. चुंबक उडी मारून आतल्या लोखंडी भागाला जाऊन बसला तर थ्री फेजमध्ये काय होईल ते सांगायला नको. हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा. आणि पेटीच्या अंगाला करंट उतरलाय का ते आधी टेस्टरने बघा. अर्थिंग गंजलेली पेटी असेल तर तिला चिकटलेली ॲल्युमिनियमची टॉर्चही तुम्हाला झटका देईल. मधल्या रबराच्या चकतीवर भरवसा ठेवू नका.

एक गंमत. टॉर्च वाफ्यात पडली की चुंबकाला काळी दाढी फुटते. आपली जमीन काळ्या खडकाची, तिच्यात मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोखंडी खनिजाचे कण असतात. तापीच्या वाळूत तर विचारू नका. पुसून ते जात नाहीत, उलट पसरतात. घरात मळलेल्या कणकेचा गोळा दाबून उचला, किंवा चिकटपट्टी लावून ओढा. मी कणीक नेली तेव्हा घरून बोलणी खाल्ली.

सदऱ्याच्या वरच्या खिशात टॉर्च ठेवायची सवय असेल आणि घरात कोणाला पेसमेकर (हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र) असेल, तर त्यांच्या छातीपासून ती किमान एक वीत लांब ठेवा. उरलेले सुटे चुंबक लहान पोरांच्या हाती लागू देऊ नका. दोन गिळले तर ते आतड्याच्या भिंतींमधून एकमेकांना ओढतात आणि आतडं फाटतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.