सर्फिंगवरची मजेशीर, रंगीत चित्रं कोणाची बघावी?

तुम्ही विचारलंय की हवाई, सर्फिंग वगैरेवरची गमतीदार चित्रं बघायची तर सुरुवात कुठून करू. माझ्या मते जॉन सेव्हरसनपासून करा. कॅलिफोर्नियाचा माणूस, शिक्षण आर्टचं, अमेरिकन आर्मीत असताना पोस्टिंग मिळालं थेट हवाईला (नशीब असावं तर असं!), मग काय, लाटांवर स्वारी पण आणि चित्रं पण. १९६० मध्ये स्वतःच्या सर्फिंग फिल्मच्या प्रमोशनसाठी त्याने ३६ पानांची एक पुस्तिका काढली आणि तिचंच पुढे 'सर्फर' हे गाजलेलं मासिक झालं. नंतर ते विकून पठ्ठ्या हवाईतल्याच मावी बेटावर जाऊन चित्रं काढत बसला, २०१७ मध्ये गेला. त्याची चित्रं बघताना समुद्र हुबेहूब आहे का हे शोधू नका, गंमत रंगांत आणि माणसांच्या ऐटीत आहे.

आणि नुसतं हसायचंच असेल तर रिक ग्रिफिनच्या कार्टूनमधला 'मर्फी' बघा. याच मासिकात १९६१ पासून यायचा, छोटासा सर्फर पोरगा, उत्साह डोंगराएवढा. ग्रिफिन तेव्हा स्वतःच सतरा-एक वर्षांचा होता! पुढे तो सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉक म्युझिकच्या पोस्टर्समुळे जास्त फेमस झाला, पण मला मर्फीच आवडतो.